चिमटीतनं सुटलेलं देवघर

आमचं देवघर संडासात जाऊन बसलं, तवा मी नव्या घराच्या भिंतीत मधोमध उभी हुते.

चांगलं सागवानी देवघर. वर कळस, बाजूला घंटा, खाली उदबत्तीचा खण. आणि ते कमोडावर! मी आधी हात जोडले. मग नुसते हात जोडून काय उपेग, म्हणून सोडले. सोडताना दोन बोटं एकमेकाला लागली असतील, तर समोरचा जिना मुळासकट उठला आणि गोठ्यात गेला. म्हैस रवंथ करत हुती. तिच्या पाठीतनं पायऱ्या वर गेल्या तरी तिनं शेपूट हलवलं न्हाई.

वरच्या खोलीकडं बघून मी केतकीताईंना हाका मारल्या. उत्तर न्हाई. दार लावून त्यांची ऑफिसची मिटींग चालली हुती. आणि जाताना मला बजावून गेल्या हुत्या, की वहिनी, चष्म्यातनं निवांत बघा, फक्त काही हलवू नका, कारण चष्मा काढला की जसं असेल तसं आपोआप सेव्ह होतं.

म्हणजे मी चष्मा काढला की देव कायमचे संडासात! दुपारी सासरे येऊन तेच बघणार, उद्या गवंडी त्याच मापानं विटा लावणार, आणि मग जन्मभर आरतीला सगळ्यांनी कुटं जमायचं?

मी तितल्या तितं ठरवलं. चष्मा काढायचाच न्हाई. जे व्हायचं ते हू दे.

आता तुमी म्हणाल, ही बाई काय बोलतीया, कसला चष्मा, कसली म्हैस. थांबा, जरा दम घेते आणि सांगते.

आमी मुळशीतले. पौडच्या अलीकडं, रस्त्याला लागूनच आमचं घर हाय. खाली आमी, वरच्या खोल्या भाड्यानं. तितं केतकीताई राहत्यात. ऑफिस बावधनला, पण काम बरंचसं घरनंच. जुन्या घराच्या बाजूला आमच्या नव्या घराचं जोतं बांधून झालेलं. भिंती तवा अजून न्हवत्या, नुसत्या गवंड्यानं पांढऱ्या फक्कीनं मारलेल्या रेघा. ही भिंत, हे दार, हितं न्हाणी. दोन्ही घरांच्या म्होरं अंगण आणि अंगणाच्या म्होरं रस्ता.

रेघा मारल्या त्या दिवसापासनं आत्यांनी (सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा) घरात कायदाच केला. रेघेवरनं कुणी जायचं न्हाई. मी पानी मारायला जोत्यावर चढले आणि सरळ चालत निघाले, की लांबनं आवाज यायचा, "भिंतीतनं चाललीस का? दार कशाला ठेवलंय?" की मी परत मागं, वळसा घालून, जितं दार नव्हतं त्या दारातनं आत. चप्पल उंबऱ्याभाईर काढून. उंबरा अजून वखारीत पडलेला! (कोंबड्यांना पण आत्या दारातनंच हाकलायच्या. कोंबड्या ऐकायच्या न्हाईत. त्या माझ्याएवढ्याबी शिकलेल्या न्हाईत, आणि मी नववी अर्ध्यात सोडलेली हाय.)

हे सांगायचं कारण म्हणजे केतकीताईंनी मला त्या चष्म्याचं शास्त्र ह्याच रेघांवरनं समजावलं. त्याचं नाव लई मोठं हाय, स्पेशियल कम्प्युटिंग. मी म्हणलं, ताई, सोपं करून सांगा, मला तव्यावर भाकरी हाय. तर त्या म्हणाल्या, नेहमीचा कॉम्प्युटर त्याच्या काचेच्या आत राहतो आणि आपण भाईरनं त्यात डोकवायचं. हा कॉम्प्युटर उलटा. हा आपल्या जागेत येतो. चष्म्याला कॅमेरे हायेत. ते आधी बघत्यात, जमीन कुटं हाय, कोपरा कुटं हाय, तुमी स्वतः कुटं उभ्या हाय. आणि मग जी वस्तू तितं न्हाईच, ती बरोबर जागेवर ठेवून दावत्यात. तुमी वाका, फिरा, मागं जा, ती वस्तू काय हलायची न्हाई. समोर खरं अंगण दिसतंय, खरी म्हैस दिसतीया, आणि त्यातच न बांधलेलं घर पण दिसतंय.

मी म्हणलं, म्हणजे आत्यांची भिंत. नसली तरी हाय, आणि हाय तितंच हाय.

केतकीताई हसल्या. म्हणाल्या, "अगदी तेच. फक्त तुमच्या आत्यांना चार्जिंग लागत नाही."

आणि म्हणाल्या, ह्याची लांबची भावंडं तुमी रोज वापरताय, नुसतं नाव ठाऊक न्हाई. आमच्या मालकांची टॅक्सी मागं घेताना पडद्यावर लाल-पिवळ्या रेघा येत्यात, त्या काय कुणी डांबरावर मारलेल्या नसत्यात. मोबाईलचा कॅमेरा दाराला लावला की फ्रीज दारातनं जाईल का ते फ्रीज आणायच्या आधी कळतं. (आमाला ते फ्रीज आणून, दारात अडकवून, मग चौकट फोडून कळलं हुतं.) शिकाऊ डॉक्टर माणसाला सुरी लावायच्या आधी असल्या चष्म्यात ऑपरेशन करून बघत्यात. कारखान्यातल्या पोरांना मशीनवर बाण दिसतो, आधी हा नट खोल, मग तो. म्हणजे माणूस न कापता चुकायचं, लोखंड न बिघडवता चुकायचं. मला ते लई आवडलं. निवांत चुकायला जागा देणारं यंत्र! सुनेला अशी जागा आजवर कुणी दिली हुती का?

तर ती मला मिळाली, आणि मी ती पुरेपूर वापरली.

आता मी देवघराला हात का लावला, ते पण सांगते. उगाच न्हाई लावला.

आमचं जुनं स्वयंपाकघर मागल्या अंगाला. खिडकी न्हाई, दिवसा बल्ब लावायचा. आणि माझी लेक ओवी तवा चालायला न्हाई, पळायलाच लागली हुती. पायाला भिंगरी. पावसाळा सरताना एक दिवस माझ्या हातात भाकरी, भाकरी तव्यावर टाकली, मागं वळले, ओवी न्हाई. घरात न्हाई, अंगणात न्हाई. मी रस्त्यावर पळाले, तर खडीचा मोठा हायवा ट्रक मधोमध उभा, आणि ड्रायव्हर ओवीला उचलून घेऊन येत हुता. कुठला लांबचा मुलूख त्याचा, काय ठाऊक. "आपकी बच्ची है?" एवढंच म्हणला. पोरगी माझ्याकडं दिली आणि आमच्या पायरीवर बसून पानी मागितलं. त्याचे हात थरथरत हुते. माझे तर पुढं किती दिवस पिठात पण थरथरायचे.

तवापासनं मी ओवीला ओढणीनं मांडणीच्या पायाला बांधायचे आणि मग भाकरी थापायचे. शेरडाला बांधावं तसं. ती ओढणी ताणून बघायची, मग माझ्याकडं बघायची. मी पिठाकडं बघायचे.

म्हणून मला नव्या घरात एकच पाहिजे हुतं. दागिना नको, कपाट नको. ओट्यासमोरच्या भिंतीला, अंगणाकडं, एक खिडकी. भाकरी थापताना मान वर केली की पोरगी दिसली पाहिजे. आणि बरोबर त्याच भिंतीला आत्यांना देवघर पाहिजे हुतं, ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत. मी एकदा धीर करून बोलले. आत्या म्हणाल्या, "देवाला बाजूला सारू आणि तू रस्त्यावरच्या गाड्या बघत बस, व्हय?" मामा म्हणाले, बघू. मामांचं बघू म्हणजे न्हाईच असतं, फक्त मिशीतनं आलेलं.

पण मामांना कागदावरचा नकाशा कळंना. ते कागद उलटा धरायचे आणि गवंड्याला शिव्या द्यायचे. तवा केतकीताईच म्हणाल्या, माझं कामच घरं दाखवायचं हाय, मी चष्म्यात घालून देते, तुमी जोत्यावर उभं राहून बघा आणि काय ते ठरवा. ठरलं. मामा पौडला तहसील कचेरीत गेले, येताना गवंड्याला घेऊन येणार. आत्या बाजारला गेल्या. सकाळी केतकीताईंनी घर चालू केलं, चष्मा माझ्या डोळ्यावर बसवला, त्याच्या वायरीची बॅटरी माझ्या कंबरेला खोचली, आणि मिटींगला वर गेल्या.

मी दारातनं आत गेले. चप्पल काढून! आत भिंती हुत्या. रंग हुता. नळ हुता. मी त्या नळाखाली हात धरला, खरं सांगते. मग ओट्याशी उभी राहिले आणि मान वर केली, तर समोर देवघर. त्याच्यापल्याडचं अंगण झाकलेलं. अंगणात ओवी हुती, तिचा आवाज येत हुता, पण ती दिसत न्हवती.

तवा मनात आलं, जरासं. चार बोटं सरकवून बघू, खिडकी मावती का. वस्तूकडं बघायचं, अंगठा आणि बोट जुळवायचं, उचलायचं, न्यायचं, सोडायचं. रांगोळीची चिमटी असती तशीच. आमच्या बोटांना लहानपणापासनं शिकवलंय काय, तर चिमटी! मी देवघर चिमटीत धरलं आणि ते अलगद आलं हो, बाळासारखं. तेवढ्यात मागनं ओवीनं माझा पदर ओढला, मी गर्रकन वळले, चिमटी सुटली.

पुढचं तुमाला ठाऊक हाय. देवघर संडासात, जिना गोठ्यात.

मी ते परत आणायला गेले. पण त्या यंत्राची एक खोड हाय. जिकडं तुमची नजर, ते चिमटीत येतं. आता घाबरलेल्या बाईची नजर एका जागी राहती का? देवघर उचलाय गेले तर पलंग आला. पलंग ठेवायला गेले तर तो तुळशीवर बसला. पलंगाला हात केला तर न्हाणीतला गिझर निघाला. घर सगळं माझ्या भवती फिरायला लागलं आणि मधी ओवी टाळ्या वाजवत उभी. तिला काय, आई हवेत हात मारतीया, एवढंच दिसत हुतं.

आणि आत्या आल्या. लवकर आल्या, आणि संगं शेजारच्या कमलकाकू.

मी पदर खाली ओढला. डोक्यावरनं चष्म्यावरनं पार हनवटीपर्यंत. कॅमेऱ्यावर पदर आल्यावर समोर नुसतं गुलाबी झालं, म्हणून जरा वर केला. तेवढ्यात काकूंना दिसलं.

"काय गं, डोळ्याचं ऑपरेशन झालं व्हय?"

मी मान हलवली. कुठल्या दिशेला ते माझं मलाच ठाऊक न्हाई, पण काकूंनी व्हय धरलं. आत्या म्हणायला लागल्या, सकाळी तर ही बरी हुती. पण काकूच माझ्या बाजूनं भांडल्या, की आता तसलंच असतंय, माझ्या भाचीचं चहा निवायच्या आत झालं, लेजर मारत्यात. आत्यांनी माझ्याकडं लई वेळ बघितलं आणि म्हणाल्या, बरं, मग चहा टाक.

चहा टाकायला जुन्या घरात गेले तर भिंतीतनं पण ते नवं घर दिसतच हुतं! चूल इकडं, आणि तिच्याआड हवेत टांगलेलं देवघर. आता तुमीच बघा, बायकांचं सगळं काम चिमटीत असतं. चहाची पूड चिमटीनं टाकली, तर नवा ओटा उठून रस्त्यावर गेला. वेलदोड्याची चिमटी, सोफा विहिरीवर. ओवीचं नाक पुसलं, तर नाकाच्या चिमटीसरशी सगळी न्हाणी अंगणात. पदर सावरला, दरवाजा गेला. घरात शिरायला आता दार पण राहिलं न्हाई आणि आत्यांचा तर कायदा हुता, दारातनंच यायचं!

मी मुठी आवळून चहा नेला. कप तळव्यांवर तोलून. काकू म्हणाल्या, डोळ्यानं हात पण आखडला बाईचा.

काकू निघाल्या तर आत्या म्हणाल्या, सवाष्ण चाललीया, कुंकू लाव. कुंकू काय मुठीनं लावत्यात? मी चिमटीत घेतलं. काकूंच्या कपाळाकडं बघायचं ठरवलं, पण त्यांच्या मागं तो कमोड दिसत हुता, नजर गेली तिकडं. कमोड सरकत सरकत आला आणि बरोबर काकूंच्या शेजारी बसला. मला हसू आवरंना आणि रडू पण आवरंना. कुंकू लागलं काकूंच्या नाकाच्या शेंड्याला. काकूंनी गुपचूप नाक पुसलं. ऑपरेशनवाल्या बाईला काय बोलायचं! पण त्या जायच्या राहिल्या आणि परत बसल्या. हे सोडून घरी कोण जाईल?

तेवढ्यात मामा आले. मागं गवंडी, हातात दोरीला लटकणारा वळंबा. मामा पडवीच्या कट्ट्यावर बसले, टोपी काढली आणि माझ्याकडं हात केला.

"आण. बघू दे घर."

मी लग्न होऊन आल्यापासनं मामांना कधी न्हाई म्हणले न्हवते. पान मागितलं तर पान, पानी मागितलं तर पानी. पण त्या घडीला मला मामा दिसत हुते, आणि त्यांच्या डोक्यावर कुठनं तरी आलेला पंखा, आणि पल्याड देवघर. मी म्हणलं, "न्हाई मामा. आत्ता न्हाई द्यायचा."

गवंड्यानं वळंबा खाली ठेवला. कमलकाकू हळूच म्हणाल्या, टाके वले हायेत तिचे.

"टाके?" मामा म्हणाले.

आणि चष्मा विझला. कंबरेची बॅटरी संपली. समोर काळंकुट्ट. न घर, न म्हैस, न मामा. मला वाटलं, झालं, आता सगळं सेव्ह. देव बसले तितंच बसले. मी पदर चष्म्यावर ओढला, हात जोडले आणि बोलून टाकलं. मामा, माझं चुकलं. देवघर संडासात गेलंय. जिना म्हशीत हाय, पलंग तुळशीवर हाय. मला खिडकी पाहिजे हुती, म्हणून मी हलवलं. ओवीला बांधून स्वयंपाक करायचा मला आता कटाळा आला न्हाई मामा, मला त्याची भीती वाटती. तुमी काय पण बोला, पण खिडकी पाहिजेच.

आयुष्यात पहिल्यांदा एवढं सलग बोलले. नंतर कळलं, मी ते सगळं पडवीच्या खांबाला सांगितलं. मामा माझ्या मागं हुते.

जिन्यावरनं केतकीताईंचा आवाज आला, "वहिनी, अजून घालूनच आहात?" त्यांनी येऊन चष्मा काढला. ऊन डोळ्यात गेलं. आत्यांच्या तोंडाकडं बघायची हिंमत न्हवती. आत्या माझ्याशी न्हाई, केतकीताईंशी बोलल्या.

"त्या देवघरात देव हुते का?"

"नाही हो, रिकामं आहे ते. नुसतं चित्र."

आत्यांनी विचार केला. "मग लाकूडच ते," म्हणाल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला.

केतकीताईंनी दुसरी बॅटरी जोडली, चष्मा घातला, एकदा हवेत बोट टेकवलं आणि म्हणाल्या, झालं, सगळं सकाळसारखं. मी म्हणलं, एवढंच? त्या म्हणाल्या, एवढंच, मागं जायचं बटण हाय. जे सेव्ह होतं त्याच्या आधीचं पण तितंच असतं. तुमी चष्मा काढून ठेवला असता तरी काय बिघडलं नसतं. (म्हणजे मी दुपारपर्यंत डोक्यावर ते ओझं घेऊन चहा केला, काकूंचं नाक रंगवलं, मामांना न्हाई म्हणले, ते कशासाठी?)

आत्या उठल्या. म्हणाल्या, आता आधी मी बघणार. चष्मा बसवून घेतला, निऱ्या सावरल्या, आणि वळसा घालून, बरोबर दारातनं आत. तोंडावर हसू आलं त्यांच्या. ओट्याशी उभ्या राहिल्या, देवघराला नमस्कार केला. "सोन्यासारखं दिसतंय," म्हणाल्या.

मी ओवीला घेऊन अंगणात उभी हुते, त्या भिंतीच्या बरोबर पल्याड. म्हणजे आमच्यामधी काय, नुसती फक्कीची रेघ. मनात म्हणलं, आज एवढं बोलून झालंय तर अजून एक. मी म्हणलं, "आत्या, तितनं ओवी दिसती का बघा."

"कुटं हाय?"

"हितंच. तुमच्या समोर."

आत्यांनी मान इकडं केली, तिकडं केली. वाकून बघितलं. "न्हाई दिसत. आवाज येतुया. कुटं सोडलीस तिला?"

मी बोलणार, तेवढ्यात रस्त्यानं हायवा आला आणि त्यानं हॉर्न दिला. लांब, कर्णकर्कश्श. ओवी दचकून किंचाळली.

आत्या पळाल्या. दाराकडं न्हाई. सरळ. देवघरातनं, भिंतीतनं, रेघेवरनं! जोत्यावरनं उडी टाकली, साठी उलटलेल्या बाईनं, आणि चष्मा एका कानावर लोंबत असताना ओवीला माझ्या हातातनं अशी हिसकून घेतली, की जणू मीच हायवा हुते. तिला छातीशी धरून त्या धापा टाकत उभ्या राहिल्या. ओवीनं त्यांच्या गळ्यातली पोत तोंडात घातली.

मामा म्हणाले, "अगं, भिंतीतनं आलीस."

"दार लांब पडतंय," आत्या म्हणाल्या.

आत्यांनी मांडणीच्या पायाला बांधलेल्या ओढणीकडं बघितलं. ती जुन्या घराच्या उघड्या दारातनं दिसत हुती. रोजच दिसायची. मग गवंड्याकडं वळल्या.

"हितं खिडकी घ्यायची. देव आतल्या कोपऱ्यात बसतील. त्यांना सगळीकडनं दिसतं. हिला खिडकी लागती."

मामा म्हणाले, बघू. आत्या म्हणाल्या, बघून झालंय.

आणि मग चष्मा सरळ करून त्यांनी स्वतः खिडकी मांडली. दोन्ही हातांच्या चिमट्या दूर नेल्या की वस्तू मोठी होती, हे केतकीताईंनी दावलं, आणि आत्या म्हणजे गावात रांगोळीला पहिल्या. त्या ताणत गेल्या. मी म्हणलं, बास आत्या. त्या म्हणाल्या, गप, गोठ्यापर्यंत दिसलं पाहिजे. ताणत ताणत खिडकी ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत! गवंड्यानं माप घेतलं आणि तशीच बांधली.

घर उभं राहिलं. पुढचा पाऊस लागायच्या आत आमी राहायला पण आलो. ओढणी मी धुऊन कपाटात ठेवली. भाकरी थापताना मान वर केली की ओवी दिसती, म्हैस दिसती, जाणारी प्रत्येक गाडी दिसती. माझे हात आता पिठात थरथरत न्हाईत, हे मला परवाच ध्यानात आलं.

फक्त एक झालं. खिडकीतनं जसं आतनं भाईरचं दिसतं, तसं भाईरनं आतलं पण दिसतं, हे चष्म्यात मला सुचलं न्हवतं. आत्यांनी त्यांची बाज उचलली आणि अंगणात खिडकीच्या बरोबर समोर टाकली. ओवीवर नजर ठेवायला, म्हणत्यात. ओवी त्यांच्या मांडीवर झोपलेली असती आणि नजर माझ्यावर. "मीठ जास्त घेतलंस." "तेल बघून." "भाकरीला पापुद्रा न्हाई आला." रस्त्यानं जाणाऱ्या बाया थांबून विचारत्यात, आज काय भाजी? कमलकाकू तर रोज येऊन बाजेवर बसत्यात आणि सगळ्यांना सांगत्यात, ऑपरेशन चांगलं झालं बरं का पोरीचं, आता हाताचं पण आखडलेलं सुटलंय.

ओवीवर नजर ठेवायला म्हणून मी जिवाच्या करारानं खिडकी मागितली, आणि सगळ्या गावाला माझ्यावर नजर ठेवायला खिडकी मिळाली. आता पडदा लावावा, तर ओवी दिसत न्हाई. न लावावा, तर मी दिसते. केतकीताईंना विचारलं, हितं ते मागं जायचं बटण कुटं हाय, तर त्या म्हणाल्या, विटांना ते नसतं.

पडद्याचं कापड आणून ठेवलंय मी. आत्यांना अजून सांगितलं न्हाई. तुमीच सांगा, माझ्या जागी तुमी असता तर काय केलं असतं?